‘आहेस का?’ एवढंच विचारून भागत नाही



मागच्या महिन्यात आपल्याच मंडळातल्या, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मला गाठलं. "काका, प्रोजेक्टसाठी वेबसाइट केली आहे. एकाऐवजी दोन सर्व्हर लावलेत, पुढे लोड बॅलन्सर ठेवलाय. आता साइट पडणार नाही ना?"

मी विचारलं, "एक बंद करून पाहिलास का?"

"त्यात पाहायचं काय? दोन आहेत ना!"

हे "दोन आहेत ना" मीही एके काळी असंच ठामपणे म्हणत होतो. त्याची किंमत मात्र मी नाही, दुसऱ्यांनी मोजली. ती गोष्ट आज सांगतो. त्याआधी ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडी ओळख.

दोन पंगती आणि दाराशी एक कार्यकर्ता

गणेशोत्सवातला महाप्रसाद आठवा. एकच पंगत आणि एकच वाढपी असेल तर गर्दी झाली की रांग दाराबाहेर जाते, आणि वाढप्याचा हात दुखावला तर सगळेच उपाशी. म्हणून आपण दोन पंगती मांडतो, दोन वाढपी ठेवतो आणि दाराशी एक कार्यकर्ता उभा करतो. "तुम्ही इकडे बसा, तुम्ही तिकडे," असं तो सांगतो.

वाढपी म्हणजे वेब सर्व्हर, दाराशी उभा असलेला कार्यकर्ता म्हणजे लोड बॅलन्सर. त्याने गर्दी वाटून देणं म्हणजे लोड बॅलन्सिंग. एक वाढपी थांबला की सगळ्यांना दुसऱ्या पंगतीकडे वळवणं म्हणजे फेलओव्हर.

वाटायच्या पद्धतीही ओळखीच्याच आहेत. एक इकडे, एक तिकडे अशी पाळी लावली तर ती राउंड रॉबिन. ज्या पंगतीत कमी माणसं बसली आहेत तिकडे पाठवलं तर लीस्ट कनेक्शन्स. आणि "एका घरची माणसं एकाच पंगतीत" असा नियम केला तर आयपी हॅश, म्हणजे ज्या इंटरनेट पत्त्यावरून तुम्ही आलात त्यावरून तुमचा सर्व्हर ठरतो आणि दरवेळी तोच मिळतो. हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवा, गोष्टीत पुढे येणार आहे.

यासाठी लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. विली तारो यांचं एचएप्रॉक्सी २००१ पासून आहे, तर इगोर सिसोएव्ह यांनी एंजिन-एक्स २००४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. जगातल्या फार मोठ्या साइट या दोघांवर चालतात, आणि तुमच्या लॅपटॉपवरही ती सुखाने चालतात.

कागदावरचं गणित

एक सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू असतो असं धरा. ऐकायला छान वाटतं, पण वर्षाचे ८,७६० तास असतात. त्यातला एक टक्का म्हणजे जवळजवळ ८८ तास, साडेतीन दिवसांहून जास्त साइट बंद. आता असे दोन सर्व्हर घेतले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता एक टक्क्याचा एक टक्का. म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटं. साडेतीन दिवसांवरून तासाच्या आत!

या गणिताला एक अट आहे. दोन्ही सर्व्हर एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र हवेत, आणि एक बिघडला हे दाराशी उभ्या असलेल्याला कळायला हवं. वीज एकाच फळीवरून, डेटाबेस एकच, प्रोग्रॅममधली चूकही तीच, असं असेल तर ५३ मिनिटं कागदावरच राहतात. आणि बिघाड कळलाच नाही तर काय होतं, ते आम्ही एका रात्री पाहिलं.

त्या रात्रीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे-चौघे मिळून एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म सांभाळत होतो. मुलांनी माहिती भरायची, फोटो आणि गुणपत्रिका चढवायची, मग "जमा करा" दाबायचं. शेवटच्या दिवशी गर्दी होणार हे ठाऊक होतं, म्हणून दोन सर्व्हर घेतले आणि पुढे एंजिन-एक्स लावलं.

एक अडचण होती. चढवलेले फोटो ज्या त्या सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर साठत होते. मुलाने फोटो पहिल्या सर्व्हरवर चढवला आणि पुढचं पान दुसऱ्याने दिलं, तर दुसरा म्हणायचा, फोटोच नाही. नीट उपाय करायला वेळ नव्हता. म्हणून आम्ही आयपी हॅश लावलं. एका पत्त्यावरून आलेला नेहमी एकाच सर्व्हरकडे जाणार. प्रश्न मिटला असं वाटलं.

शेवटच्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला फोन आला. निमाडातल्या एका तहसीलीच्या गावात सायबर कॅफे चालवणारा माणूस होता. "भैया, आठ बच्चे बैठे हैं, एक का भी फॉर्म नहीं जा रहा." मुदत रात्री बारापर्यंत होती. मी माझ्या संगणकावर साइट उघडली, एक खोटा फॉर्म भरला, जमा झाला. मी त्याला सांगितलं की इथे तर चालतंय, तुमचं इंटरनेट हळू असेल, राउटर बंद करून चालू करा.

अर्ध्या तासाने तोच पुन्हा. मी पुन्हा साइट पाहिली. चालत होती. पुन्हा तेच उत्तर दिलं.

साडेदहाच्या पुढे तिसरा फोन आला तेव्हा त्याने फोन तिथे बसलेल्या एका मुलीच्या हातात दिला. तिने मला सांगितलं की पहिलं पान उघडतं, नाव-पत्ता भरता येतो, पण जमा करताना पांढऱ्या पानावर "पाचशे" असा आकडा येतो. दरवेळी तोच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंटरनेट हळू असेल तर पान अडकतं, पाचशे येत नाही. पाचशे हा सर्व्हरने स्वतः दिलेला जबाब असतो. त्याचा अर्थ, माझं आत काहीतरी मोडलंय.

पहिल्या सर्व्हरची डिस्क फोटोंनी गच्च भरली होती. नवीन काही लिहिता येत नव्हतं, पण जुनं वाचता येत होतं. म्हणून मुखपृष्ठ झकास उघडायचं आणि फॉर्म जमा करताना मोडायचा. कॅफेतले सगळे संगणक एकाच राउटरमागे, म्हणजे बाहेरून पत्ता एकच. आयपी हॅशने त्या आठही मुलांना दरवेळी त्याच मोडक्या सर्व्हरकडे पाठवलं. आणि आमच्या ऑफिसचा पत्ता नेमका दुसऱ्या, धडधाकट सर्व्हरच्या वाट्याला आला होता. मी कितीही वेळा पाहिलं असतं तरी मला साइट चालूच दिसली असती.

सव्वा अकराला आम्ही पहिला सर्व्हर हाताने बाजूला काढला. एका ओळीचं काम होतं. दुसऱ्याने सगळा भार आरामात पेलला. संस्थेने दुसऱ्या दिवशी मुदत दोन दिवसांनी वाढवली. पण नऊ ते अकरामध्ये कंटाळून शेवटच्या बसने गावी परत गेलेल्या मुलांपर्यंत ते कळलं का? त्या मुलीचा फॉर्म आला का? नोंदींमध्ये शोधता आलं असतं. मी शोधलं नाही. तेव्हा धीर झाला नाही, हे खरं.

चुकलं कुठे?

दोन सर्व्हर होते. लोड बॅलन्सर होता. तरी फेलओव्हर झाला नाही, कारण दाराशी उभ्या कार्यकर्त्याच्या लेखी कुणी बिघडलेलंच नव्हतं.

एंजिन-एक्सची फुकट आवृत्ती सर्व्हरांची वेगळी चौकशी करत नाही. येणाऱ्या माणसाची विनंती पुढे पाठवते आणि काय होतं ते पाहते. जोडणीच झाली नाही किंवा वाट पाहून वेळ संपला तर ते अपयश. मूळ सेटिंगमध्ये असं एक अपयश आलं की १० सेकंद त्या सर्व्हरकडे कुणाला पाठवत नाही. पण सर्व्हरने "पाचशे" असं उत्तर दिलं तर मूळ सेटिंगप्रमाणे ते अपयश धरलं जात नाही. उत्तर आलं ना, मग द्या पुढे!

एचएप्रॉक्सी दर दोन सेकंदांनी स्वतःहून चौकशी करू शकतं. सलग तीन वेळा नकार आला की सर्व्हर बाजूला, नंतर सलग दोन वेळा होकार आला की परत आत. पण तिथेही साधी तपासणी लावली तर ते फक्त जोडणी होते का एवढंच पाहतं. पंगतीच्या भाषेत, कार्यकर्ता दारातूनच ओरडतो, "आहेस का रे?" वाढपी म्हणतो, "आहे!" हातातली बादली रिकामी आहे हे दोघंही बोलत नाहीत. विचारायला हवं होतं, "भात उरलाय का?"

मग करायचं काय?

पहिलं, तपासणीसाठी वेगळं पान करा. ते पान उघडलं की सर्व्हरने स्वतःला दोन-तीन खरे प्रश्न विचारावेत. डिस्कवर छोटी फाइल लिहून पुसता येते का? डेटाबेसशी बोलता येतं का? सगळं ठीक असेल तर दोनशे, नसेल तर पाचशे तीन. लोड बॅलन्सरला याच पानावर नजर ठेवायला सांगा. इथे अति करू नका मात्र. डेटाबेस क्षणभर अडखळला म्हणून सगळ्या सर्व्हरांनी एकदम हात वर केले, तर कार्यकर्त्याकडे पाठवायला एकही पंगत उरत नाही आणि साधी पानंही बंद पडतात. म्हणून एका चुकीवर निकाल देऊ नका, सलग तीन चुका होऊ द्या.

दुसरं, सर्व्हरच्या पोटात काही साठवू नका. फोटो सगळ्यांना पोचता येईल अशा सामाईक साठ्यात, लॉगिनची माहिती डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या जागी. मग कुठलाही सर्व्हर कुणालाही वाढू शकतो आणि आयपी हॅशची गरजच उरत नाही. आमची खरी चूक आयपी हॅश नव्हती. आळसाने डिस्कवर ठेवलेले फोटो ही चूक होती, आयपी हॅशने ती झाकली एवढंच.

तिसरं, हिशेब एका सर्व्हरवर करा. दोन्ही सर्व्हर ७० टक्के भारलेले असतील आणि एक पडला, तर उरलेल्यावर १४० टक्के भार येतो. मग तोही पडतो. दोन असतील तर प्रत्येकावरचा भार पन्नास टक्क्यांच्या आत हवा, तीन असतील तर सुमारे ६६ टक्क्यांच्या.

चौथं, दाराशी उभा असलेला कार्यकर्ताही माणूसच आहे. त्याला चक्कर आली तर? म्हणून लोड बॅलन्सरही दोन ठेवतात आणि दोघांत मिळून एक सामाईक पत्ता असतो. किपअलाइव्हडी नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं. मुख्य लोड बॅलन्सर दर सेकंदाला "मी आहे" असा निरोप पाठवतो. तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ निरोप आला नाही की दुसरा तो पत्ता आपल्याकडे घेतो. यात एक सापळा आहे. मधल्या फायरवॉलने हे निरोपच अडवले तर दोघांनाही वाटतं की समोरचा गेला, आणि दोघंही एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. त्यामुळे दोन्ही मशीनवर हे निरोप पोचताहेत ना, ते आधी पाहा. क्लाउडवर बऱ्याचदा ही पद्धत तशीच्या तशी चालत नाही, तिथे त्या कंपनीचाच लोड बॅलन्सर किंवा फिरता पत्ता वापरावा लागतो.

पाचवं, आपोआप पुन्हा प्रयत्न कुठे करायचा हे विचाराने ठरवा. पान उघडलं नाही तर तीच विनंती दुसऱ्या सर्व्हरला पाठवायला हरकत नाही. पण "पैसे भरा" दाबल्यावर पहिल्या सर्व्हरने पैसे कापून मग मान टाकली असेल, तर तीच विनंती दुसरीकडे गेल्यावर पैसे दोनदा कापले जातील. म्हणूनच एंजिन-एक्स अशी विनंती सर्व्हरकडे एकदा गेली की मूळ सेटिंगमध्ये ती दुसऱ्याकडे पाठवत नाही. कुठेतरी वाचून ते सेटिंग बदलण्याआधी याचा विचार करा.

डेटाबेसचं प्रकरण वेगळं

वेब सर्व्हर एकसारखे असतात, एक गेला तर दुसरा चालतो. डेटाबेसचं तसं नाही, त्याला आठवण असते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबवर, म्हणजे जिथे तुम्ही मुलं आपला कोड ठेवता तिथे, जाळ्याच्या देखभालीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. फक्त ४३ सेकंद! पण तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने डेटाबेसची मुख्य गादी पश्चिम किनाऱ्याला दिली. पूर्वेकडे शेवटच्या काही क्षणांत लिहिलेल्या नोंदी पश्चिमेला पोचलेल्या नव्हत्या, आणि पश्चिमेने तर नवीन नोंदी घ्यायला सुरुवात केली होती. आता खरी वही कोणती? कुणाचाही डेटा गमवायचा नाही असं ठरवून त्यांनी सावकाश ताळमेळ लावला, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. यात फेलओव्हर झाला होता, तोही पटकन. अडचण त्याच्यामुळेच वाढली.

म्हणून नवशिक्यांना मी सांगतो, वेब सर्व्हरचा फेलओव्हर आपोआप होऊ द्या. डेटाबेसचा मात्र आधी हाताने करायला शिका. कोणती नोंद कुठपर्यंत पोचली आहे हे पाहता आलं, की मग तो यंत्राच्या हाती द्या.

घरी करायचा अभ्यास

आता त्या मुलाला मी जो अभ्यास दिला, तोच तुम्हालाही. लॅपटॉपवर तीन छोटी आभासी मशीन करा. दोन सर्व्हर, एक लोड बॅलन्सर. प्रत्येक सर्व्हरच्या पानावर त्याचा क्रमांक लिहा, म्हणजे उत्तर कुणी दिलं ते दिसेल. मग मुद्दाम बिघाड करा, एका वेळी एक.

१. एका सर्व्हरवरची वेब सेवा बंद करा. हे सगळ्यात सोपं, बहुतेक वेळा पास होतं.

२. सेवा चालू ठेवून त्याचं जाळं तोडा. इथे लगेच नकार येत नाही, नुसती वाट पाहावी लागते. किती सेकंद गेले ते घड्याळ लावून मोजा. वाट पाहायची मर्यादा तुम्ही ठरवली नसेल तर एंजिन-एक्स जोडणीसाठी मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद थांबतं. एवढा वेळ कोण बसून राहील?

३. डिस्क भरून टाका. लोड बॅलन्सरला कळतं का पाहा. आमच्या वेळी हे कुणी पाहिलं नव्हतं.

४. सर्व्हरला उत्तर द्यायला मुद्दाम वीस सेकंद लावा. पूर्ण मेलेल्यापेक्षा असा अर्धमेला सर्व्हर जास्त त्रास देतो.

५. लोड बॅलन्सरच बंद करा.

६. बिघडलेला सर्व्हर दुरुस्त करून परत आत आणा. जाताना जेवढी काळजी घेतो तेवढी परतताना घेत नाही, आणि जुना कोड घेऊन परतलेला सर्व्हर नवा गोंधळ घालतो.

प्रत्येक वेळी तीन गोष्टी वहीत लिहा. कळायला किती वेळ लागला, मधल्या काळात किती विनंत्या फुकट गेल्या, आणि तुम्हाला हे कुणी सांगितलं? यंत्रणेने, की वापरणाऱ्या माणसाने फोन करून?

हा काही वेडेपणा नाही. नेटफ्लिक्सने चालू सर्व्हर मुद्दाम बंद पाडणारा केऑस मंकी नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि २०१२ मध्ये तो सर्वांना खुला केला. तो भर दिवसा, कामाच्या वेळेत सर्व्हर पाडतो. बिघाड व्हायचाच असेल तर सगळे जागे असताना व्हावा, हा त्यामागचा विचार.

तो मुलगा परवा पुन्हा भेटला. पहिले दोन प्रयोग झाले, तिसऱ्यात अडकलाय. डिस्क भरल्यावर त्याच्याही साइटचं मुखपृष्ठ उघडतं आणि फॉर्म पाचशे देतो. चेहरा पडला होता त्याचा. मी म्हटलं, "अरे, उत्तम झालं! मला हे कळायला निमाडातून तीन फोन यावे लागले."

आणि एक शेवटचं सांगतो, याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. कुणी सांगितलं की साइट चालत नाही, तर "इथे तर चालतंय" असं म्हणण्याआधी त्याला विचारा, "पडद्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचून दाखवता का?" पहिल्या फोनवर मी हे विचारलं असतं तर नऊ वाजून पाच मिनिटांनी काम झालं असतं.

प्रयोग करून पाहा आणि तुमच्या वहीतले आकडे मला कळवा. पुढच्या अंकात भेटूच.